ट्रेलर पाहून निकाल लावणाऱ्यांनो, उभे राहा

उभे राहा. सगळे. तूसुद्धा, शेवटच्या बाकावरचा. टक्कल पडलं म्हणून सुटका नाही. पंचेचाळिशी गाठलीत, पोरं दहावीला आली, फ्लॅटचे हप्ते फिटत आले, आणि तरी या वयात मला तुमचे कान धरावे लागताहेत.

जून 2022 मध्ये काय दिवे लावलेत, आठवतंय? नसेल तर ऐका. त्या महिन्याच्या 28 तारखेला ‘रिटर्न टू मंकी आयलंड’ या गेमचा ट्रेलर आला. गेम प्रत्यक्षात कसा चालतो ते दाखवणारा, मिनिटांत संपणारा. रॉन गिल्बर्ट नावाच्या माणसानं 1990 साली सुरू केलेली गोष्ट, 1991 साली अर्ध्यावर सोडावी लागलेली गोष्ट, तीस वर्षांनी पुन्हा हातात घेतली होती. आणि तुम्ही काय पाहिलंत? नाकं टोकदार आहेत. रंग सपाट आहेत. जुने ठिपके-ठिपके दिसत नाहीत. झालं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. चित्रांवर बोलला असतात तरी चाललं असतं, पण तुम्ही घसरलात माणसावर. त्यानं लोकांना लिहायला मोकळी ठेवलेली जागा लगोलग बंद केली. लोक दुष्टपणे लिहिताहेत, वैयक्तिक हल्ले पुसत बसावं लागतंय, असं कारण देऊन. गेमबद्दल काही सांगण्यातला आनंदच गेला, आता काही सांगणार नाही, असंही म्हणाला.

आयुष्यभर लोकांना हसवण्याचा धंदा केलेल्या माणसाच्या तोंडून हे वदवून घेतलंत. शाबास.

‘मी नव्हतो बाई.’ मला ठाऊक होतं हे येणार. तू नसशील. पण वाचलंस, फिदीफिदी हसलास, आणि पुढे चार जणांना पाठवलंस. वर्गात कागदी बाण मारणारा एक असतो, पण कागद पुरवणारे दहा असतात. त्या दहांची नावंही मी फळ्यावर लिहीत असे.

आता पहिला प्रश्न. तुमची मागणी काय होती? ‘जुनं होतं तसंच हवं.’ कुठलं जुनं? बोला ना. आता का गप्प? ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ 1990 साली आला तेव्हा सोळा रंगांत होता. मग तोच गेम 256 रंगांत काढला, तेव्हा पात्रांचे जवळून दाखवलेले चेहरेसुद्धा बदलले. दुसरा भाग 1991 चा. त्यातली मागची दृश्यं चित्रकारांनी कागदावर रंगवली आणि स्कॅन करून आत घेतली. 1997 चा तिसरा भाग म्हणजे सरळ कार्टून. गायब्रश थ्रीपवुड, म्हणजे चाचा होण्याचं खूळ डोक्यात घेतलेला तो आपला बावळट नायक, त्यात बांबूसारखा लांबुडका झाला. तेव्हाही नाकं मुरडली गेली होती, आणि आज तोच भाग अभिजात म्हणून मिरवता. 2000 साली चौथा भाग त्रिमितीत आला. 2009 मध्ये पाच तुकड्यांत पुन्हा त्रिमितीत. त्याच वर्षी पहिल्या गेमची नवी आवृत्ती आली, तिच्यात एक कळ दाबली की जुनं चित्र आणि पुन्हा दाबली की नवं. अख्ख्या मालिकेत चेहरामोहरा टिकवून ठेवण्याची पद्धतच नाही, आणि तुम्ही म्हणता परंपरा मोडली!

आणि ते ठिपके. ज्यांच्या आरत्या ओवाळता ते ठिपके त्या काळी कुणी हौसेनं काढले नव्हते. 320 बाय 200, एवढीच जागा होती पडद्यावर. चित्रकार त्या जागेशी झुंजत होते. शिवाय काचेच्या फुगीर मॉनिटरवर ते ठिपके एकमेकांत मिसळून मऊ दिसायचे. आजच्या सपाट पडद्यावर जे कडक चौकोन दिसतात ते तुम्ही लहानपणी कधी पाहिलेच नाहीत. गिल्बर्टनं स्वतः सांगितलंय की पहिले दोन गेम ‘रेट्रो’ म्हणून केलेले नव्हते, त्या वेळचं सगळ्यात पुढचं तंत्र वापरून केले होते. म्हणजे त्याच्या जुन्या स्वभावाला धरून कोण वागलं? नवं चित्र निवडणारा तो, की त्याला 1990 सालात कोंडू पाहणारे तुम्ही?

आता इथे तुमच्यातला वकील जागा होणार. 2013 मध्ये त्यानं लिहिलं होतं की मी पुन्हा मंकी आयलंड केला तर तो पहिल्या दोन भागांसारखा, जुन्या वळणाचा करीन. तो कागद तुम्ही नऊ वर्षांनी त्याच्या तोंडासमोर नाचवलात, जणू मुद्रांकावर सही करून दिलेला करारनामाच. अरे, तेव्हा त्याच्या हातात काय होतं? हक्क सगळे कंपनीकडे. 1992 सालीच तो लुकासआर्ट्समधून बाहेर पडला होता. 2012 मध्ये डिस्नेनं अख्खी लुकासफिल्म विकत घेतली, तिच्यासोबत गायब्रशही गेला. मला हक्क विका, असं तो पुढे उघडपणे म्हणालाही, आणि ते काही झालं नाही. म्हणजे ज्या गेमची शक्यताच दिसत नव्हती त्याच्याबद्दल एक माणूस मोठ्यानं विचार करत होता. मधल्या काळात त्यानं ‘थिंबलवीड पार्क’ केला, 2017 साली, अगदी तुम्हाला हव्या त्या ठिपक्यांत. ती हौस भागली, मन पुढे सरकलं. माणसाचं मन नऊ वर्षांत बदलू नये? 2013 मध्ये तुम्ही काय काय करणार होतात त्याची यादी काढू का मी? व्यायामापासून सुरुवात करू?

या नव्या चित्रांमागे रेक्स क्राउल नावाचा कलावंत आहे. कापलेल्या कागदासारखे, कोनाकोनाचे आकार काढणं ही त्याची जुनी खासियत. ‘टीअरअवे’ नावाचं अख्खं कागदी जग त्यानं आधी उभं केलेलं आहे. गिल्बर्टनं त्याला निवडलं ते पाहून-सवरून. हे तुम्हाला आवडायलाच हवं असं नाही. मलाही सुरुवातीला डोळे बारीक करून पाहावं लागलं. पण गिल्बर्टचं म्हणणं सरळ होतं: तुम्हाला हवी होती ती ही शैली नसेल, मला हवी होती ती आहे. गोष्ट ज्याची आहे त्यानं एवढंही म्हणू नये?

ज्यांना हा गेम ठाऊक नाही त्यांनी मान डोलावत बसू नये, म्हणून थोडक्यात सांगते. कॅरिबियन समुद्र, चाचे, भुतं, वूडू, आणि सगळ्याची टर. ‘चाचा व्हायचंय’ म्हणत मेले बेटावर आलेला पोरगा, त्याच्यापेक्षा शंभर पटींनी हुशार असलेली गव्हर्नर एलेन मार्ली, आणि तिच्यासाठी झुरणारा भुताचा कप्तान लेचक. पोतडीत मधोमध कप्पी बसवलेली रबरी कोंबडी. तिचा उपयोग काय, हे डोकं खाजवून शोधायचं. गिल्बर्टबरोबर टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन लिहायला होते, संगीत मायकल लँडचं.

आपल्याकडे हा गेम कसा पोचला तेही सगळ्यांना माहीत आहे. चाच्यांचा गेम, आला चाच्यांच्याच वाटेनं. फ्लॉप्या या खिशातून त्या खिशात. चोरी थांबावी म्हणून मूळ खोक्यात पुठ्ठ्याचं एक चक्र असायचं. एकावर एक दोन चकत्या, फिरवल्या की चाच्यांची अर्धी-अर्धी तोंडं जुळायची, आणि गेम विचारायचा, हा अमुक ठिकाणी कोणत्या साली फासावर गेला? साल सांगितलंत तर आत प्रवेश. त्या चक्राच्याही झेरॉक्स निघाल्या. इतिहासाच्या पेपरात पानिपतचं साल चुकायचं, पण त्या चाच्यांची सालं घडाघडा येत. तेव्हा, कारट्यांनो, ‘आम्ही जुने चाहते, आमचा हक्क आहे’ हे मला तरी ऐकवू नका. एक छदाम दिला नव्हतात.

आणि दिला असतात तरी हक्क कसला? पैसे देऊन गेम मिळतो, गेम करणारा मिळत नाही.

या माणसानं खेळणाऱ्याची जेवढी काळजी घेतली तेवढी त्या काळी क्वचितच कुणी घेतली असेल. साहसी गेममध्ये तेव्हा पावलापावलाला मरण असायचं. चुकीचं दार उघडलं, मेलात. कडेला गेलात, मेलात. करा पुन्हा पहिल्यापासून. 1989 मध्ये गिल्बर्टनं या प्रकारावर एक खरमरीत लेखच लिहिला आणि पुढच्या वर्षी ‘मंकी आयलंड’मध्ये मरणच काढून टाकलं. एक जागा सोडून. आपण दहा मिनिटं श्वास रोखू शकतो अशी गायब्रश फुशारकी मारत असतो. त्याला पाण्याखाली खरंच दहा मिनिटं तसाच ठेवलात तर तो मरतो. म्हणजे मरायला खेळणाऱ्याला दहा मिनिटं हातावर हात ठेवून मूर्खासारखं बसावं लागतं. ज्यानं तुम्हाला कधी उगाच मारलं नाही, त्याच्या अंगावर तुम्ही धावून गेलात.

आता मूळ दुखण्याकडे येते. तुम्हाला हा गेम का आवडला होता? अपेक्षा पुरी केली म्हणून? एकदा तरी केली का? पहिल्या भागात जीव काढून खजिना खणायचा, आणि हाती काय? एक टी-शर्ट. खजिना सापडला आणि मिळाला हा फडतूस टी-शर्ट, असं छापलेला. जंगलातल्या एका बुंध्यात डोकावलं की गेम म्हणायचा, फ्लॉपी क्रमांक 22 घाला, मग 36 घाला, मग 114. एवढ्या फ्लॉप्या कुठून असणार! चेष्टा होती. पण लोकांनी ती खरी धरली, कंपनीच्या मदतीच्या फोनवर तक्रारी केल्या, आणि पुढच्या आवृत्त्यांतून तो विनोदच काढून टाकावा लागला. तुमचे पूर्वज हे. दुसऱ्या भागाचा शेवट तर कळसच. भुतांशी झुंजता झुंजता अचानक गायब्रश आणि लेचक ही दोन लहान पोरं निघतात, एका जत्रेच्या बागेत हरवलेली. 1991 साली हा शेवट पाहून लोक चक्रावले, चिडले, आणि तीस वर्षं त्यावर बोलत राहिले. ही मालिकाच मुळी तुमच्या अपेक्षेची फजिती करण्यावर उभी आहे. फजिती झाली म्हणून तुम्ही तिच्या प्रेमात पडलात, आणि आता त्याच माणसाकडे अपेक्षापूर्तीची मागणी करता?

थोडा कान मी त्याचाही धरणार आहे. मंकी आयलंडचं खरं रहस्य मला ठाऊक आहे आणि मी ते कुणाला सांगितलेलं नाही, हे त्यानं वर्षानुवर्षं लोकांसमोर झुलवत ठेवलं. तीस वर्षं गाजर दाखवलं की माणसं त्या गाजराचा डोंगर करतात, एवढं त्याच्यासारख्या चाणाक्ष माणसाला कळायला हवं होतं. दुसरं म्हणजे, घोषणा केली ती 1 एप्रिलला. कोण विश्वास ठेवणार? खरा ट्रेलर आला 4 तारखेला, तेव्हा लोकांची खात्री पटली.

पण बाकी त्यानं जे केलं ते शहाणपणाचं. दोनेक वर्षं चिडीचूप काम केलं, एप्रिलमध्ये सांगितलं आणि 19 सप्टेंबरला गेम हातात दिला. साडेपाच महिने. ‘ड्यूक न्यूकेम फॉरेव्हर’ 1997 ला जाहीर झाला आणि 2011 ला आला. चौदा वर्षं लोकांनी मनातल्या मनात तो इतका भारी करून ठेवला होता की हातात आलेला गेम बिचारा कुणालाच पसंत पडला नाही. वाट पाहणं जितकं लांबतं तितकं बनवणाऱ्याचं मरण, हे गिल्बर्टनं ओळखलं होतं. साडेपाच महिने तुम्हाला कळ काढायची होती. ती निघाली नाही. पंगतीत पान मांडायच्या आधीच ‘मीठ कमी आहे’ म्हणून ओरडणारा पाहुणा असतो ना, तसे वागलात.

आणखी एक. गिल्बर्ट परत येतोय म्हटल्यावर तुमच्यातल्या काहींना वाटलं, आता तो मधले सगळे भाग पुसून टाकील, इतरांनी केलेलं ते खोटं ठरवील, आणि 1991 च्या पुढच्या पानावरून सुरुवात करील. त्यानं काय केलं? सुरुवात त्याच जत्रेच्या बागेत केली. पण इतरांचं काम पुसलं नाही. 1997 च्या भागातली ती बडबडी कवटी, मरे, ती या गेममध्ये आहे. त्याच वर्षापासून गायब्रशला आवाज देणारा डॉमिनिक आर्माटो, तोही आहे. हा आर्माटो मुळात तुमच्यासारखाच चाहता, पोरवयात गेम खेळलेला. त्यानं ती आवड कशी वापरली आणि तुम्ही कशी वापरलीत, बघा. आपल्या पश्चात आपल्या घरात दुसऱ्यांनी मांडलेला संसार या माणसानं मान देऊन ठेवून घेतला. मला त्या गेममधली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते, आणि तुमच्यातल्या एकानंही तिच्याबद्दल चार ओळी लिहिल्या नाहीत.

टीका करू नका असं मी म्हणत नाहीये. मी आयुष्यभर लाल शाई वापरली, मला टीकेचं वावडं कसं असेल? या गेमवरही वापरीन. शेवटचा टप्पा घाईत उरकलाय. मधे बेटं आणि जहाजं यांचा एवढा ऐसपैस पसारा मांडल्यावर शेवट अंगावर यायला हवा होता, तो येत नाही. एलेन फारच समजूतदार केलीय. नवऱ्यानं, म्हणजे गायब्रशनं, वाटेत केलेली नासधूस पाहून तिनं एकदा तरी चांगलं झापायला हवं होतं, मला तर त्या जागी हात शिवशिवले. काही कोडी सोपी आहेत. पोतडीतच सूचनांची वही दिलीय, ती अडलेल्याला बरी, पण आळशी पोरं पहिल्या पानापासून तिच्यावरच टेकणार. आणि रहस्य? ज्यांनी खेळला नाही त्यांनी पुढची दोन वाक्यं सोडा. पेटी उघडली की आत टी-शर्टच आहे. मला आवडलं, तुम्हाला आवडणार नाही, आणि त्यावर आपण दोन तास भांडू शकतो. हे भांडण मला हवंय. पण ते करायला गेम खेळलेला असावा लागतो, आणि जूनमध्ये ओरडणाऱ्या तुमच्यापैकी एकानंही तो खेळलेला नव्हता. शक्यच नव्हतं, तो सप्टेंबरला आला.

तलवारबाजी आठवते का पहिल्या भागातली? तिथे हात चालवून जिंकता येत नाही. समोरचा चाचा एक टोमणा मारतो, त्याला चपखल बसेल असा प्रतिटोला तुम्ही द्यायचा. नाही सुचला तर हरायचं, पण हरता हरता नवा टोमणा शिकून घ्यायचा. असं हरत-शिकत पोतडी भरायची. आणि शेवटी तलवारीच्या उस्तादापुढे गेलं, कार्ला तिचं नाव, की ती भलतेच टोमणे मारते, वहीत नसलेले. घाबरायचं नाही. जुनीच उत्तरं नव्या प्रश्नांना बसवायची. धड्यातलाच प्रश्न फिरवून विचारलेला असतो, मी चाचणीत विचारायचे तसा.

त्या गेमनं तुम्हाला शिवीला शिवीनं नाही, बुद्धीनं उत्तर द्यायला शिकवलं. तुम्ही चार-चार वेळा गेम संपवलात आणि लक्षात ठेवल्यात फक्त शिव्या. त्याही इतक्या रटाळ, की मेले बेटावरच्या सगळ्यात भुक्कड चाच्यानंही तुम्हाला पाण्यात ढकललं असतं. ‘आमचं बालपण नासवलंस.’ हे वाक्य पन्नास हजारांनी लिहिलं असेल, त्याला विनोद म्हणायचं की अक्कल? तुमचं बालपण कुठेही गेलेलं नाही. 1990 चा गेम आजही मिळतो, जुन्या आणि नव्या दोन्ही रूपांत. रॉन गिल्बर्टनं तुमच्या घरी येऊन फ्लॉप्या जाळल्या नाहीत.

आणि हे फक्त या एका गेमपुरतं नाही, म्हणूनच आवाज चढवला. उद्या आणखी कुणी म्हातारा आपली अर्धी राहिलेली गोष्ट पुरी करायला घेईल. त्याला आधीच भीती वाटत असेल की आपल्या हातात जुनी जादू उरलीय की नाही. तुमचं जूनमधलं वागणं पाहून त्यानं कागद पुन्हा कपाटात ठेवला, तर ती गोष्ट कुणालाच वाचायला, खेळायला मिळणार नाही. तुम्हाला नाही आणि, मुख्य म्हणजे, मलाही नाही. यात माझा स्वार्थ आहे, लपवत नाही.

बसा आता. गेम दहा-बारा तासांचा आहे, संगणकावर मिळतो, फोनवरही मिळतो. या वेळी पैसे भरून घ्या. सूचनांची वही उघडू नका, निदान पहिल्या बेटावर तरी नाही. शेवटपर्यंत खेळा, आणि मग त्या शेवटाबद्दल काय ते मनात येईल ते लिहून आणा. चित्रं अजूनही आवडली नसतील तर तसं लिहा, कारण देऊन. गिल्बर्टचं नाव घेऊन एकही वाकडा शब्द दिसला तर वही बाहेर फेकीन.